सायकलचं वर्षाचं मीटर : ठरवले ५०००, झाले ४६१२. यंदा काय मोजावं?

तिसरा गिअर | २ जानेवारी, सकाळी ६:५२

मंडळी, नमस्कार. गेल्या जानेवारीत इथेच छाती पुढे काढून लिहिलं होतं, वर्षाला ५००० किमी करणार म्हणजे करणार. तेव्हा हिशोब देणं भाग आहे. झाले ४६१२.

महिनावार : जाने ६१०, फेब्रु ५४०, मार्च ४८०, एप्रिल ३९०, मे ३१०, जून २२०, जुलै ९५ (हसू नका), ऑगस्ट १४०, सप्टें २६५, ऑक्टो ४३०, नोव्हें ५१२, डिसें ६२०.

५००० भागिले ३६५ म्हणजे दिवसाला १३.७. वारज्याहून बाणेरला ऑफिसला जाऊन-येऊनच माझे २० होतात, त्यामुळे कागदावर हे पोरखेळ वाटत होतं. एप्रिलअखेर तर पावणेचारशे किमी पुढे होतो. मग उन्हाळा, मग लग्नं, मग पाऊस. १ डिसेंबरला मीटरवर ३९९२. एका महिन्यात १००८ करायचे. पंधरवड्यात कळून चुकलं की जमत नाही, म्हणून गुपचूप लक्ष्य बदललं : ४६०० तरी.

३१ डिसेंबरच्या रात्री ९ वाजता मीटर ४५८८. घरात पावभाजी चाललेली. मी 'आलोच' म्हणून खाली उतरलो. आमच्या सोसायटीचा आतला रस्ता बरोबर ४०० मीटरचा आहे. बारा किमीत काम झालं असतं, पण अगदी काठावर नको म्हणून चोवीस केले. साठ फेऱ्या. विसाव्या फेरीला वॉचमनने विचारलं, "साहेब, काही हरवलंय का?" तिसाव्याला तो टॉर्च घेऊन शोधायला आला.

वर आलो तेव्हा पावभाजी गार झाली होती, आणि बायकोने जे बघितलं त्याला शब्द नाहीत.

तर प्रश्न असा : यंदा पुन्हा ५०००च ठेवू की दुसरं काही? तुम्ही काय मोजता, कशात लिहिता?

---

साखळीतेल | २ जानेवारी, सकाळी ८:१०

टायर कुठला आहे, आणि मीटर कशावर सेट आहे?

---

घाटवेडी | २ जानेवारी, सकाळी ९:३५

जुलैच्या ९५ ला मी तरी हसणार नाही, माझे ६० आहेत.

माझं प्रामाणिक मत : किलोमीटर हे आळशी माप आहे. गोळेवाडीहून सिंहगड वरपर्यंत साधारण ९ किमी, चढ सहाशे मीटरच्या आसपास. मला तासाच्या वर लागतो आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरी समोर आली तरी पाच मिनिटं हात उचलत नाही. तेवढ्याच वेळात सोलापूर रस्त्याला मी गप्पा मारत २५ किमी जाते. वहीत मात्र सिंहगड ९ आणि सोलापूर रस्ता २५! हा न्याय आहे का? वर्षाला ५००० करायचे ठरवलं की माणूस नकळत सपाट रस्ते शोधायला लागतो. माझं झालं होतं. दोन वर्षं दिवे घाटाकडे फिरकले नाही, कारण 'ॲव्हरेज बिघडतं'. आता मी फक्त सिंहगड मोजते. गेल्या वर्षी ३१ वेळा.

दुसरं, तुमचं वर्ष चुकीच्या दिवशी सुरू होतं. पुण्यात सायकलचं वर्ष दसऱ्याला सुरू करावं. पाऊस ओसरलेला, हवा मोकळी, आणि तशीही त्या दिवशी आपण सायकल धुऊन झेंडूची माळ घालतोच. त्याच दिवशी मीटर शून्यावर आणायचं. म्हणजे चांगले आठ महिने आधी येतात आणि पावसाळा शेवटी. जुलैपर्यंत बहुतेक काम उरकलेलं असतं, मग भिजायची इच्छा झाली तर भिजा, नाहीतर भजी खा.

---

कोकणी चढ | २ जानेवारी, सकाळी १०:०२

घाटवेडी तै, +१. आमच्याकडे रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळे करून बघा. नकाशावर समुद्राकाठचा रस्ता, प्रत्यक्षात वर, खाली, वर, खाली. सपाट म्हणून फक्त पूल. जून ते सप्टेंबर सायकल माळ्यावर, आणि उतरवल्यावर आधी गंज मोजायचा, मग किमी.

---

नवीन चाक | २ जानेवारी, दुपारी १२:४४

मी ऑक्टोबरात सायकल घेतली. आजवर एकूण ३४०. तुमचे आकडे वाचून सायकल विकावी असं वाटतंय. सिंहगड ३१ वेळा म्हणजे काय चेष्टा आहे का?

---

घाटवेडी | २ जानेवारी, दुपारी १:१५

@नवीन चाक, विकू नका हो. पहिल्या वर्षी मी सिंहगड अर्ध्यातून ढकलत नेला होता, पाय आणि अब्रू दोन्ही वळणावर सोडून. आकडा बघूनच हुरूप येणार असेल तर वर्षाचा मोठा आकडा नको, एखादी राईड ठरवा. बीआरएमचं नाव ऐकलं असेल, ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड. २०० किमीला साडेतेरा तास, ३००ला वीस, ४००ला सत्तावीस आणि ६००ला चाळीस तास. वाटेत कंट्रोलवर, म्हणजे ठरलेल्या थांब्यांवर, कार्डावर शिक्का घ्यायचा. शर्यत नाही, पहिला आला काय आणि शेवटचा आला काय, वेळेत आला की झालं. एकाच हंगामात चारही केल्या की सुपर रँडोन्यूर म्हणतात. आणि गंमत म्हणजे त्यांचा हंगामही १ नोव्हेंबरला सुरू होऊन ३१ ऑक्टोबरला संपतो. म्हणजे माझ्या दसऱ्याच्या जवळपासच!

३४०चे तुम्ही लगेच २०० किमीची बीआरएम करू नका मात्र. आधी एक शतक, म्हणजे एका दिवसात १०० किमी, करा.

---

निवृत्त मास्तर | २ जानेवारी, सायंकाळी ५:२०

आपल्या सर्वांचे लेखन आवडीने वाचतो. सांगलीजवळच्या एका खेड्यात मी १९ वर्षे शिक्षक होतो. घरापासून शाळा ११ किमी. एसटीच्या वेळा शाळेला सोयीच्या नव्हत्या, म्हणून ॲटलास सायकल. आपला धागा वाचून आज प्रथमच कागद-पेन घेऊन बसलो. रोजचे २२ किमी, शाळेचे दिवस अंदाजे २३० धरले, तर वर्षाचे ५०६० होतात. गुणिले १९, म्हणजे ९६,१४०. हे पाहून मीच चकित झालो. आमच्या सायकलला मीटर नव्हते. नगरपालिकेचा पितळी बिल्ला होता आणि मागच्या चाकाला डायनॅमो होता, जो लावला की सायकल जड होई म्हणून अंधारातही पुष्कळदा लावत नसे.

सध्या रोज सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन येतो, सहा-सात किमी. त्याची नोंद कालनिर्णयवर ठेवतो. मात्र मी किमी लिहीत नाही, खाडे लिहितो. दुधाच्या खाड्यांप्रमाणेच. ज्या दिवशी गेलो नाही त्या चौकोनात फुली. महिन्याला पाचाहून अधिक फुल्या होऊ द्यायच्या नाहीत, एवढाच नेम. गेल्या वर्षी एकूण ५३ फुल्या झाल्या. त्यातील ११ मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या, त्या मी धरत नाही.

---

चाकोरी | २ जानेवारी, रात्री ९:०८

मास्तर, साष्टांग नमस्कार. ९६ हजार म्हणजे पृथ्वीला दोन फेऱ्या मारून वर सोळा हजार!

आता तुमच्या १९ वर्षांशेजारी हे ठेवून बघा. टॉमी गॉडविन नावाच्या इंग्रज गड्याने १९३९ या एकाच वर्षात १,२०,८०५ किमी चालवली. रोजची सरासरी ३३१ किमी, रविवार धरून. शाकाहारी माणूस. सायकल लोखंडी, आणि सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाल्यावर ब्लॅकआउटमुळे दिवा झाकून अंधारात चालवायची. ३१ डिसेंबरलाही थांबला नाही. मे १९४० पर्यंत तसाच चालवत राहून एक लाख मैल पुरे केले, ५०० दिवसांत. त्याचा वर्षाचा विक्रम मोडायला २०१६ उजाडलं. अमेरिकेचा कर्ट सर्व्होगेल, १,२२,४३२ किमी. पुढच्याच वर्षी अमांडा कोकरने तो आकडा थेट १,३९,३२६ वर नेला.

आणि @तिसरा गिअर, तुमच्यासाठी खास : अमांडाने त्यातले बहुतेक किमी फ्लोरिडात टँपाजवळच्या एका पार्कमध्ये, सुमारे ११ किमीच्या एकाच वर्तुळात फिरून केले. तेव्हा सोसायटीतल्या साठ फेऱ्यांची लाज बाळगू नका, त्याला थोर परंपरा आहे. वॉचमनला सांगा.

---

तिसरा गिअर | २ जानेवारी, रात्री ९:४०

चाकोरी, हा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. "तिला पगार मिळत असेल," एवढीच प्रतिक्रिया आली.

@साखळीतेल, टायर ३२चा (रुंदी, मिमीमध्ये). आदल्या वर्षीच्या दिवाळीत बदलला, आधी २५चा होता. मीटर वायरवालं. सेटिंग २१०५ दिसतंय. का?

---

साखळीतेल | २ जानेवारी, रात्री ९:५१

वाटलंच. २१०५ हा ७००×२५चा घेर, मिलिमीटरमध्ये. ३२चा २१५५च्या आसपास येतो. मीटर चाकाचे फेरे मोजून सेट केलेल्या घेराने गुणतं, म्हणजे तुमचं वर्षभर कमी दाखवतंय.

तक्त्यावर जाऊ नका, मोजून घ्या. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, नेहमीएवढी हवा भरा, सायकलवर बसा (बसाच, नुसती ढकलून नको, वजनाने टायर दबतो), आणि कुणाला तरी धरायला सांगून सरळ रेषेत चाक फिरवा. एक नको, तीन फेरे. जमिनीवरचं अंतर भागिले तीन.

---

तिसरा गिअर | ३ जानेवारी, सकाळी ७:३०

मोजलं. पार्किंगमध्ये मुलीने खडू धरला, बायकोच्या शिवणाच्या टेपने मापं घेतली. टेप दीडशे सेंटीमीटरची, त्यामुळे चार वेळा सरकवली आणि वर पंचेचाळीस सेंटीमीटर अजून. तीन फेऱ्यांना ६४५ सेंटीमीटर. म्हणजे एका फेरीला २१५०.

२१५० भागिले २१०५ गुणिले ४६१२ बरोबर ४७१०.६. जवळजवळ ९९ किमी फुकटात मिळाले!

आणि मग मुलीने विचारलं, "बाबा, मग त्या रात्री ४६०० आधीच झाले होते ना?"

झाले होते. ४५८८चे खरे ४६८६ होते. साठ फेऱ्या वाया.

---

कोकणी चढ | ३ जानेवारी, सकाळी ७:४८

🤣🤣 पावभाजीचं वाईट वाटलं.

---

साखळीतेल | ३ जानेवारी, सकाळी ८:२०

आता आलोच आहे तर मोजण्याचा खरा उपयोग सांगतो. हौस ठीक आहे, पण मी किमी लिहितो ते साखळीसाठी. माझ्याकडे दोन सायकली, दोघींच्या वह्या वेगळ्या. साखळीची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच. साधी स्टीलची पट्टी घ्या, पिनेच्या मधोमध धरा आणि चोविसाव्या कडीची पिन कुठे येते बघा. बारा इंचाच्या पुढे इंचाचा सोळावा भाग सरकली, की साखळी बदला. तेवढ्यावर बदलली तर मागची दातेरी चक्रं वाचतात. नाही बदलली तर साखळीच्या कितीतरी पट पैसे चक्रांना जातात, आणि नवी साखळी जुन्या चक्रांवर घसरते ती वेगळी. मी एकदा केलंय हे. खंबाटकीच्या चढात पॅडलवर उभा राहिलो आणि साखळी घसरून गुडघा हँडलवर. व्रण आहे अजून.

साखळी किती किमीला जाते ते रस्त्यावर आणि तेलावर आहे. माझी कोरड्या दिवसांत ३५०० चालते, पावसाळ्यात बसवली तर २०००लाच ताणते. तिथे वर्षाचा आकडा कामाचा नाही, कुठल्या महिन्यातले किमी ते कामाचं.

---

उलटा वारा | ३ जानेवारी, दुपारी ३:०५

नेदरलँड्समधून. इथे मी किमी मोजतो ते पैशांसाठी, उगाच तत्त्वज्ञान नको. कंपनी घर ते ऑफिस प्रवासाला किमीमागे भत्ता देऊ शकते, २०२४ पासून २३ सेंटपर्यंत करमुक्त, आणि सायकलने गेलात तरी तो लागू. माझे एका बाजूने ९ किमी. एका रस्त्याने ८.६ होतात, पण मी कालव्याकाठचा धरतो. सहकारी म्हणतात तू पैशासाठी लांबून येतोस. मी म्हणतो बदकांसाठी.

बाकी घाटवेडी म्हणतात ते खरं, किमी न्याय्य नाही. इथे घाट नाहीत पण वारा आहे. समोरून सुटला की सपाट रस्ता सिंहगड होतो. या लोकांनी त्याचीही स्पर्धा केली आहे : ऑस्टरस्केल्डच्या, वादळात समुद्र अडवणाऱ्या धरणावर, साडेआठ किमी, वाऱ्याच्या तोंडावर, बिनगिअरच्या साध्या सायकलींवर. वादळ येणार असं दिसलं की मगच तारीख जाहीर करतात.

---

ठाणेकर घामाघूम | ३ जानेवारी, रात्री १०:३०

एक शंका. घरातल्या ट्रेनरवरचे (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) किमी धरायचे का?

---

कोकणी चढ | ३ जानेवारी, रात्री १०:३६

नाही. विषय संपला. चाक जागचं हललं नाही तर किमी कसले? पाटावर बसून पोहणं शिकल्यासारखं आहे ते.

---

चाकोरी | ३ जानेवारी, रात्री १०:५०

वेळ धरा, किमी धरू नका. वेगळ्या रकान्यात.

---

ठाणेकर घामाघूम | ३ जानेवारी, रात्री ११:१२

@कोकणी चढ, माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. रात्री दहाला झोपतं आणि साडेअकराला उठतं. तेवढ्या वेळात मला घोडबंदरला जाऊन यायचं तर बाळाला कॅरिअरवर बसवावं लागेल. बेडरूमच्या बाहेर, पंखा पाचवर, चाकाचा आवाज दाराबाहेर जाणार नाही एवढ्याच वेगात चाळीस मिनिटं. तुमच्या आरे-वारेच्या चढात तुम्हाला निदान उतार तरी मिळतो. हलकं घ्या.

---

कोकणी चढ | ४ जानेवारी, सकाळी ६:१५

ताई, माफी. धरा. दुप्पट धरा.

---

आकडेमोड | ४ जानेवारी, दुपारी २:४०

एवढ्या प्रतिसादांत एडिंग्टन कसा आला नाही? आर्थर एडिंग्टन, १९१९च्या ग्रहणाचे फोटो काढून आइन्स्टाइनचा सिद्धांत पडताळणारा खगोलशास्त्रज्ञ, पट्टीचा सायकलवाला होता. (आपल्या चंद्रशेखरांशी ज्याचा गाजलेला वाद झाला तोच. वाद असून चंद्रशेखरांना लिहिलेल्या पत्रांत तो आपला सायकलचा आकडा कळवत असे, हे मला फार आवडतं.) त्याचं माप असं : न दिवस निदान न मैल चालवली असेल, तर तुमचा आकडा न. तो गेला तेव्हा त्याचा ८४ होता, म्हणजे ८४ दिवस ८४ किंवा जास्त मैल.

मैलांऐवजी किमी घ्या. सगळ्या राईड मोठ्या ते लहान अशा लावा, आणि वरून मोजत या. पन्नासावी राईड ५० किमीची असेल आणि एक्कावन्नावी ५१ला पोचत नसेल, तर तुमचा आकडा ५०. सोसायटीत फेऱ्या मारून हा वाढत नाही, आणि एकच दांडगी राईड करूनही वाढत नाही. खरी मेख पुढे आहे. ५०चा ५१ करायला एक राईड पुरत नाही, कारण आजवरच्या साडेपन्नासच्या सगळ्या राईड एका झटक्यात बाद होतात.

---

तिसरा गिअर | ४ जानेवारी, रात्री ११:५५

चार वर्षांच्या नोंदी काढून बसलो होतो, उद्या ऑफिस आहे. माझा ४६. आणि ४७ करायला आणखी ८ राईड लागतात, कारण माझी रविवारची पानशेत रस्त्याची ठरलेली फेरी ४६.३ची आहे. चार वर्षं मी त्याच टपरीवर चहा पिऊन मागे वळतोय! पुढची टपरी किती लांब आहे कुणाला माहीत आहे का?

---

घाटवेडी | ५ जानेवारी, सकाळी ६:०५

अर्धा किमी. भजी चांगली असतात.

---

नवीन चाक | ५ जानेवारी, सकाळी ९:२२

माझा एडिंग्टन ११. सायकल ठेवतोय. वाचनखूण साठवली.

---

तिसरा गिअर | ९ मार्च, रात्री ८:३०

धागा वर काढतोय. यंदा ५००० नाही. ठरलं ते असं : रोजचं मास्तरांचं, म्हणजे खाडे, महिन्याला दहाच्या वर नाहीत (जुलै-ऑगस्टला वीस माफ). आणि रविवारी पुढच्या टपरीपर्यंत. मीटर २१५०वर सेट केलं, आकडा दिसतो, पण बघायला महिनाअखेरच जातो. खाडे जानेवारीत ९, फेब्रुवारीत ८. एडिंग्टन ४७ला अजून दोन राईड कमी.

एक घोळ झाला मात्र. फुल्या मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरच मारत होतो, दुधाच्याच चौकोनात. बायकोने फेब्रुवारीचा दुधाचा हिशोब लावला आणि नऊ दिवसांचे पैसे कापून दिले. आज सकाळी दूधवाला दारात उभा : "वहिनी, मी एकच दिवस नव्हतो आलो, ते पण भाचीच्या लग्नाला. बाकीचे आठ दिवस दूध कुणी प्यायलं?"

---

निवृत्त मास्तर | ९ मार्च, रात्री ९:०२

सायकलसाठी लाल पेन वापरावे. मी सुरुवातीपासून वापरतो. दूधवाल्याचे पैसे उद्याच द्यावेत.